सांभाळणाऱ्याची आवृत्ती

सोमवार, ५ जानेवारी २०२६. खामगाव

आज झालेलं, क्रमाने:

१. सकाळी ६.५० ची धाड–बुलढाणा एसटी. वेळेवर.
२. बुलढाण्यात गाडी बदलली. बोथ्याच्या घाटात धुकं. वीस मिनिटं उशीर.
३. १०.०५ ला खामगाव. संगणक केंद्राचे मालक रंगराव स्वतः स्टँडवर हजर. माझी बॅग त्यांनी जवळजवळ ओढूनच घेतली.
४. खोली पाहिली. दुसरा मजला, पूर्वेला खिडकी, दाराला आतून दोन कड्या. पसंत.
५. ११.३० ला तंत्रज्ञ म्हणून कामावर रुजू.
६. मशीन मोजली. एकूण बारा. चालू अकरा.
७. दुपारचं जेवण रंगरावांच्या घरून आलं. ज्वारीची भाकरी, तुरीच्या सोल्यांची भाजी, लाल ठेचा. दोन भाकरी खाल्ल्या.

मी आनंदात आहे. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण मी ते सहसा लिहीत नाही. पुण्यात तीन वर्षं दुसऱ्यांच्या सर्व्हरवर नजर ठेवली; इथे बाराच मशीन आहेत, पण ती सगळी माझ्या ताब्यात. आईलाही बरं वाटलं. आमचं गाव, धाड, इथून एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे.

केंद्र म्हणजे सरकी-ढेपेच्या दुकानावरच्या दोन खोल्या. एका खोलीत मुली मराठी टंकलेखनाचा आणि ऑनलाइन परीक्षांचा सराव करतात. दुसऱ्या, लहान खोलीत सर्व्हर. कापसाचा हंगाम आहे, हवेत तंतू उडतात आणि पंख्यांच्या पात्यांवर राखाडी लोकर साचते. रंगराव आधी एसटीत कंडक्टर होते. ते मशीनला हात लावत नाहीत. म्हणाले, "माउस धरला का हातात जित्ता उंदीर धरल्यावानी वाटते बाप्पा."

शिकवणारी एकच, कोकिळा. वय एकतीस. इस्त्रीचा सुती कुर्ता, तोंडात लवंग, टेबलावर स्वतःचं फडकं आणि सॅनिटायझरची बाटली. कीबोर्ड पुसल्याशिवाय बसत नाही. मला लगेच आवडली. एका मुलीला ओरडत होती, "पडद्याकडं पाह्य व! बोटाकडं काय पाहून राह्यली? बोटं काय पळून जाऊन राह्यले का?"

मंगळवार, ६ जानेवारी

सगळ्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली आहे. ते कचरूभाऊ नावाच्या माणसाने बसवलं. रंगरावांचा तीस वर्षांचा मित्र. दोन वर्षांपूर्वी गेला. डेबियन हा लिनक्सचा एक प्रकार घेऊन त्याने त्यावर स्वतःची पॅकेजं (प्रोग्रॅमचे गठ्ठे) रचली, म्हणजे जवळजवळ स्वतःचंच वितरण केलं. शिकलेला नव्हता, आधी रेडिओ दुरुस्त करायचा. काम पाहता हुशार होता.

लिनक्सची वितरणं अनेक, आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. काही दोन-दोन वर्षं सगळं गोठवून ठेवतात, फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या आत घेतात. काही रोज नवं आणतात. सकाळी मशीन लावलं की कालचं बटण जागेवर असेलच याची खात्री नाही. काही अख्खी प्रणाली एका तुकड्यात बदलतात आणि बिघडली तर कालची परत देतात. डेस्कटॉपचंही तसंच. कुणी पट्टी वर लावतं, कुणी खाली, कुणी सगळंच लपवतं आणि माणसाने सवय करून घ्यावी म्हणतं. मला डेबियन आवडतं ते एका गोष्टीसाठी. तुम्ही एखादी सेटिंगची फाइल बदललेली असेल आणि अपडेटमध्ये तिची नवी आवृत्ती आली, तर ते थांबतं आणि विचारतं: तुमची आवृत्ती ठेवू, की पॅकेज सांभाळणाऱ्याची बसवू? काही न बोलता एंटर दाबलं तर तुमचीच राहते. हे सभ्य आहे. माणसाला विचारावं.

इथे मात्र सगळ्यांचं खातं एकच: नाव कचरू, पासवर्ड कचरू. सगळ्यांच्या फाइली सर्व्हरवर एकाच ‘घरात’, म्हणजे एकाच फोल्डरमध्ये. रंगरावांच्या मते यात झंझट नाही. त्या घरात प्रत्येक मुलीच्या नावाची एक छोटी सेटिंगची फाइल आहे. अक्षराचा आकार किती, कीबोर्ड कोणता, माउस कोणत्या हाताला. या फाइली ‘कचरू-बैठक’ नावाच्या पॅकेजमधून येतात.

आणि हे पॅकेज सगळ्या मशीनवर होल्ड करून ठेवलं आहे, म्हणजे अपडेट झालं तरी हे जागचं हलत नाही. त्याच्यामुळे ब्राउझरही दोन वर्षं जुना आहे. माझ्या आधीच्या गोपाल नावाच्या तंत्रज्ञाने सर्व्हरच्या कपाटाला आतून कागद चिकटवला आहे: ‘अपडेट करू नये. कारण विचारू नये.’

कारण विचारू नये, हे मी नोकरीत आजवर वाचलेलं सर्वांत घाणेरडं वाक्य आहे.

गुरुवार, ८ जानेवारी

सकाळी चार नंबरच्या मशीनचा कीबोर्ड उघडला. कचरूभाऊ याच जागी बसायचा. हल्ली कोकिळा बसते. कळा वरून स्वच्छ होत्या, ते तिचं काम. खाली जे होतं ते नोंदवते: सुपारीचा भुगा, ओला होऊन पुन्हा वाळलेला, डिंकासारखा. कापलेली नखं, मोजून नऊ. पांढरे आखूड केस. झुरळाच्या अंड्यांचा एक पोकळ कोश. आणि ‘एंटर’च्या खाली तपकिरी, चिकट, बोटाला ताणली जाणारी तार. तिला वास होता. कोकिळा दारातच थांबली आणि तोंडाला ओढणी लावून म्हणाली की दीड वर्ष आपण यावर बोटं चालवली.

हात तीनदा धुतले. वास गेला नाही.

दुपारी खरी अडचण समोर आली. कोकिळाची २४ तारखेला अमरावतीला टंकलेखनाची कौशल्य चाचणी आहे. सहा वर्षांत दोनदा ती अर्ध्या गुणाने राहिली. वयाची मर्यादा संपते आहे, ही शेवटची. सरावाची वेबसाइट आमचा जुना ब्राउझर उघडू देत नाही. अपडेट केल्याशिवाय तिचा सराव होणार नाही.

मी रंगरावांना विचारलं. ते एकदम हसले, म्हणाले, "हाव, हाव. मारून द्या अपडेट, समताबाई. मी तं तुमाले तेच सांगणार होतो."

४.१० ला चार नंबरवरचा होल्ड काढला. अपडेट सहा मिनिटांत झालं. मला कोणताही प्रश्न विचारला गेला नाही. सांभाळणाऱ्याची आवृत्ती बसवा, विचारू नका, अशी आज्ञा कचरूने आधीच कुठेतरी लिहून ठेवली असावी. मला ते आवडलं नाही.

शुक्रवार, ९ जानेवारी

वेबसाइट उघडते. ब्राउझर नवा.

चार नंबरचा डेस्कटॉप मात्र बदलला. पट्टी उजवीकडे उभी, चिन्हं मुठीएवढी, कर्सर पिवळा आणि जाड. वॉलपेपर एकरंगी, भिजलेल्या तंबाखूच्या पानाचा रंग. मी तिला जुनं करून देते म्हटलं, तर कोकिळा म्हणाली राहू दे, डोळ्याला बरं वाटतं. सराव केला. वेग मिनिटाला ४६ शब्द. चाचणीला ४० लागतात.

अपडेटच्या शेवटी पॅकेजमध्ये बदलांची नोंद असते: काय बदललं, कुणी, कधी. कचरू-बैठक, आवृत्ती ४.१८. नोंद अशी:

‘बसायले जागा झाली. खुर्ची नरम हाय. कचरू. ९ जानेवारी २०२६.’

तारीख आजची. म्हणजे सर्व्हरवर एखादी स्क्रिप्ट आपोआप नोंदी बनवत असणार. शोधली. दोन तास. सापडली नाही.

शनिवार, १० जानेवारी

प्रत्येक पॅकेजवर सांभाळणाऱ्याची डिजिटल सही असते. सही करायची किल्ली ज्याच्याकडे, तोच नवी आवृत्ती काढू शकतो. ४.१८ वर कचरूच्या किल्लीची सही आहे आणि ती खरी आहे. माझी कॉलेजची मैत्रीण प्रतीक्षा याच कामात आहे, तिला फोनवर वाचून दाखवलं. तिच्या मते किल्ली कुणाकडे तरी असलीच पाहिजे. आधी ती शोध.

रंगरावांना विचारलं. किल्ली पेनड्राइव्हमध्ये होती. पेनड्राइव्ह काळ्या दोऱ्यात, कचरूच्या गळ्यात. तो गेला तेव्हा कुणी काढला नाही. त्याच्यासोबत जळला.

आणखी एक, कारण मी पाहिलं: कोकिळाने माउसला हात लावण्याआधी उजव्या हाताचं मधलं बोट जिभेवर ओलं केलं. दिवसात एकतीस वेळा. माउसच्या बटणावर ओला ठिपका. ती फडकं घेऊन पुसत नाही.

मंगळवार, १३ जानेवारी

काल जिजाऊ जयंती. सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या गाड्यांनी रस्ता भरला होता, केंद्र बंद होतं. मी धाडला जाऊन आले. आईने विचारलं, चेहरा असा का. काही नाही म्हटलं.

आज कोकिळा घसा साफ करते. एक, दोन, तीन. प्रत्येक वेळी बरोबर तीन, तिसरा लांब आणि आतून वर ओढलेला. मग खिडकीतून खाली. ढेपवाल्याने वर पाहून शिवी दिली. तिने ऐकलंच नाही. मुली एकमेकींकडे पाहत होत्या.

मी तिला बाजूला घेऊन सांगितलं. ती दचकली. म्हणाली, "मी? थुंकली? याऽऽ! काय बोलून राह्यली व तू!" तिला खरंच माहीत नव्हतं. माझ्यासमोर तिने चूळ भरली, सॅनिटायझर चोळला. डोळ्यांत पाणी होतं. मग माउसकडे वळली आणि बोट चाटलं.

चार नंबरवर नवी आवृत्ती आली आहे. ४.१९. मी मागवली नव्हती. नोंद:

‘बोट चालते. घसा चालते.’

गुरुवार, १५ जानेवारी

कोकिळाची सेटिंगची फाइल उघडली. पूर्वी चौदा ओळी होत्या. आता साठ. अक्षराचा आकार, कीबोर्ड वगैरे वर तसंच. खाली:

बोट = ओलं
घसा = ३
तोंड = खर्रा
नख = डावी करंगळी
कान = करंगळीनं, मग वास

मी अशा फाइली रोज लिहिते. रचना अचूक आहे. एकही ओळ चुकलेली नाही.

बाहेरच्या खोलीत येऊन पाहिलं. कोकिळा डाव्या करंगळीने कान कोरत होती. नख बाहेर काढलं. त्याच्या टोकाचं पिवळं, मेणासारखं पाहिलं. हुंगलं. मुलींनी पाहिलं. दोघींनी वह्या उचलल्या आणि गेल्या.

मी पट्टीने तिचं नख मोजलं. ११ मिलीमीटर. पिवळट, आडव्या रेघांचं. शनिवारपर्यंत तिची नखं बोटांबरोबर कापलेली होती.

दुपारी रंगराव खर्रा घेऊन आले. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटून करतात तो. तो त्यांनी कोकिळाच्या हातावर ठेवला. जी बाई लवंगेशिवाय काही तोंडात घालत नाही, तिने तो गालात भरला. रंगराव तिच्या शेजारी स्टूल घेऊन बसले आणि शांतपणे रडत होते. म्हणाले, "किती दिवसानं बे."

वेग: ३३.

शनिवार, १७ जानेवारी

पॅकेज मागे नेलं. ४.१७ पुन्हा बसवलं, होल्ड लावला, मशीन बंद करून चालू केलं. पट्टी खाली गेली, कर्सर पांढरा झाला. दहा मिनिटं. मग स्क्रीन एकदा काळी झाली आणि ४.२१.

‘समतानं मागं नेलं. तिले सांगा, मले मागं जाता येत नाई.’

गोपालला फोन लावला. उचलला. घसा साफ केला. एक, दोन, तीन. मी ठेवून दिला.

नख १७ मि.मी. वेग २४. ती आता दोन बोटांनी टाइप करते. दोनच. बाकीची आठ बोटं हवेत वाकडी. तिला विचारलं, तुझी बोटं कुठे गेली. तिने माझ्याकडे पाहिलं, खर्ऱ्याची लाळ हनुवटीवर आली, आणि अगदी हळू म्हणाली, समता, मले काढ व इथून. त्यानंतर चेहरा बंद झाला.

होल्ड मी काढला. हे माझं आहे.

सोमवार, १९ जानेवारी

सगळं बंद करणं हा साधा उपाय. दुपारी २.१५ ला सर्व्हरची वायर काढली.

कोकिळा थांबली. खुर्चीत बसल्या जागी. डोळे उघडे. श्वास होता, पण बुबुळं हलत नव्हती. तोंड उघडं राहिलं आणि तपकिरी लाळ न थांबता कुर्त्यावर, मग मांडीवर. हाक मारली, गाल थोपटले. काही नाही. सगळ्यांचं घर सर्व्हरवर असलं आणि सर्व्हर गेला की मशीन असंच अडकतं: मेलेलं नाही, जिवंत नाही, घराची वाट पाहत. मला हे माहीत होतं. माणसाबद्दल माहीत नव्हतं.

२.२२ ला वायर परत लावली. ती बोट चाटायला लागली.

मंगळवार, २० जानेवारी

रंगराव बोलले. गोपालचंही असंच झालं. रंगरावांना तेव्हा वाटलं मित्र परत आला. रोज गप्पा मारल्या. गोपालला जरा शुद्ध असेल तेवढ्या वेळात त्याने होल्ड लावला, कागद चिकटवला आणि घरी गेला. तोवर उशीर झाला होता. मग दीड वर्ष या खोलीत कुणी घसा साफ केला नाही. म्हणून त्यांनी मला बोलावलं. अपडेट करता येणारी पाहिजे होती.

मी त्यांना सांगितलं, कोकिळाची चाचणी शनिवारी आहे.

ते म्हणाले, "बाई, ते तं परीक्षा देऊन निंगून जाईन. कचऱ्या इथंच राहीन." आणि दारातून कोकिळाला हाक मारली, "च्या घेतं का बे?" ती हसली. दात लाल.

मला त्यांची कीव येत नाही. येईल असं वाटलं होतं.

बुधवार, २१ जानेवारी

विचारू नका ही आज्ञा सापडली. सर्व्हरवर, एका ओळीची फाइल. पुसली. आता अपडेटला प्रश्न विचारावाच लागेल.

विचारला. ‘कोकिळा: ही फाइल बदललेली आहे. तुमची सध्याची आवृत्ती ठेवू, की सांभाळणाऱ्याची बसवू?’

हात कळेवर होता. मग लक्षात आलं: सध्याची म्हणजे तोच. दोन्ही उत्तरं तोच.

प्रतीक्षाला विचारलं. ती म्हणाली, नवी फाइल जुनीच्या जागी बसते तेव्हा जुनी फेकली जात नाही. नावाला शेपूट लावून बाजूला ठेवतात. शोध.

उद्या सकाळी. मुली नसताना.

गुरुवार, २२ जानेवारी

१०.२०. सापडली. कोकिळा, जुनी. ८ जानेवारी, ४.१७. चौदा ओळी. शेवटची: हात = दोन्ही, दहा बोटं.

१०.२४. परत जागेवर ठेवली. कुणालाच बदलता येऊ नये म्हणून तिच्यावर लिहिण्याची परवानगी बंद केली.

१०.२५. कोकिळा किंचाळली. नख बोटापासून सुटलं. कळांवर पडलं, मागे मांसाची ओली चकती. तिने ते पाहिलं. तोंडात बोटं घालून खर्रा उकरला, जमिनीवर, पुन्हा पुन्हा, रक्त येईपर्यंत. मी तिला धरलं. ती सारखं विचारत होती, कोणती तारीख आहे.

११.४०. माझ्या फोनला सुटा कीबोर्ड जोडून सराव केला. ४१.

मशीनला हात लावणार नाही म्हणाली. दुपारच्या गाडीने ती अमरावतीला मावशीकडे गेली. खिडकीतून हात केला. दहा बोटं.

१.०५. रंगराव दारात. सर्व्हरच्या खोलीकडे पाहत होते.

१.०६. आवृत्ती ४.२२. नोंद:

‘कोकिळा गेली तं गेली. दुसरी पाह्यली. हात कोरडे हायेत तिचे. होतीन ओले.’

१.०९. घरात माझ्या नावाची फाइल. समता. मी बनवलेली नाही. शेजारी: समता, जुनी.

म्हणजे बसवून झालं आहे.

शुक्रवार, २३ जानेवारी. सकाळी

वहीच्या पानांचे कोपरे ओले. आजचे. कालचे दोन.

तोंडात चुन्याची चव. काही खाल्लेलं नाही. दात घासले, चार वेळा. ब्रश तपकिरी.

माझी जुनी फाइल परत ठेवायला बसले. आज्ञा पाठ आहे. बोटं दोनच चालतात. तीही दुसरंच लिहितात. तीनदा केलं. तीनदा माझ्याच हाताने सांभाळणाऱ्याची—

घसा. मीच. तीन.

रंगराव स्टूल घेऊन आले आहेत.

शुक्रवार. दुपारी

पेनाने अजून माझं अक्षर आहे. कळांवर नाही. म्हणून हे पान. फोटो काढून पाठवते, प्रतीक्षा. फोटोला एकच बटण लागतं.

४.२२ मध्ये एक नवीन काम आहे: रविवार, संध्याकाळी सहा वाजता, बाजूला ठेवलेल्या सगळ्या जुन्या फाइली पुसणे. कोकिळाची तिच्या जागेवर आहे, तिला धोका नाही. माझी बाजूला आहे. ती पुसली की मी कुठेच—

तुला दुरून सर्व्हरमध्ये येता येईल. वाट मी कालच उघडून ठेवली आहे. खातं कचरू, पासवर्ड कचरू. घरात ‘समता, जुनी’. ती ‘समता’च्या जागी ठेव. मग तिच्यावर लिहिण्याची परवानगी बंद कर. एवढंच. प्रश्न आला तर ‘सध्याची’ दाबू नकोस. ‘सांभाळणाऱ्याची’ही नको. सर्व्हर बंद करू नकोस.

दरम्यान मी फोन केला, सगळं ठीक आहे म्हटलं, तर ते उत्तर धरू नकोस. किती वेळा घसा साफ केला ते मोज.

नख ६ मि.मी. आत्ता हुंगलं. मला कळलं नाही, हुंगून झाल्यावर—

कृपया रविवार, २५ जानेवारी, संध्याकाळी पाचच्या आत उत्तर दे. ‘झालं’ किंवा ‘झालं नाही’. उत्तर केंद्राच्या मशीनवर नको, माझ्या फोनवरही नको, आईला धाडला फोन करून सांग, आणि आईला म्हणावं की समताला विचार, तिची बोटं किती—